पहिलं ताट

लातूर,
९ फेब्रुवारी १९८६

ती. रत्नम्माअक्कास धाकट्या मलप्पाचे शरणार्थ.

पत्राला उशीर झाला, रागावू नको. लातूर जिल्हा झाल्यापासून आपल्या खानावळीला दम खायला फुरसत न्हाई. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, अन् सगळे बायका-पोरं गावाकडं ठेवून आलेले. दुपार झाली की गंजगोलाईच्या मागची आपली गल्ली सायकलींनी भरून जाते. परवा एक पुण्याकडचे साहेब आले. येसर आमटीचा पहिला भुरका मारला अन् डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी वाटी पुढं केली. मी म्हटलं, साहेब, हे मराठवाडा हाय, बेताबेतानं घ्या. आता ते रोज येतात.

पाण्याचं मात्र लई अवघड झालंय. आडात घागर बुडत न्हाई. टँकर येईल तेव्हा येतो, अन् टँकरच्या पाण्याची आमटी म्हटलं की लोक वाटीत वाकून बघतात. पण आपल्याकडं पहिलं ताट हाय तोवर बोलायची कुणाची टाप न्हाई. पटकीच्या साथीच्या वर्षी लोक बाहेर जेवायला भीत होते तेव्हा अप्पानं ही रीत घातली, ती मी एक दिवस मोडली न्हाई. पंगत बसली की आधी अप्पाच्या पाटावर मी बसतो. त्याच पातेल्यातली आमटी, तोच ठेचा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शेवटच्या घासापर्यंत खातो. मग म्हणतो, बसा, सुरू करा. तुला काय सांगायचं, तू त्याच घरात वाढलीस. पण सांगताना छाती फुगते म्हणून सांगतो.

माझी तब्येत झकास. जेवल्यावर छातीत थोडं जळजळतं, खाण्याचा सोडा घेतला की बसतं. दाजी अर्धापूरकडं गेले तर एखादी केळ्याची फणी येणाऱ्या माणसासोबत पाठवून दे. केळ्यानं थंड वाटतं. तुम्हाला काय, दारात गोदावरी. आमच्यासाठी एक तांब्या ठेवा.

तुझा,
मलप्पा


नांदेड,
१८ फेब्रुवारी १९८६

चि. मलप्पास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे विष्णुपुरीच्या धरणाच्या कामावरून नुकतेच आले होते, अंगावर सगळी सिमेंटची धूळ. ऐकून म्हणाले, लातूरकरांना जिल्हा मिळाला अन् शिंगं फुटली. मी म्हटलं, फुटू द्या, आमच्या माहेरची शिंगं आहेत.

केळी पाठवते. पण बाबा, एक सांग. लहानपणी केळं दिसलं की तू अंगणात पळायचास. बुळबुळीत लागतं म्हणून अव्वानं तोंडात कोंबलेलं केळं तू माझ्या ओच्यात थुंकलास. आणि आता मागून घेतोस? अन् सोडा कधीपासून घेतोस ते लिहिलं नाहीस. थोडं जळजळणारा माणूस नांदेडहून केळी मागवत नाही.

दानम्माशी भांडलास काय? मला तसंच वाटतंय. तू भांडलास की जेवणावर राग काढतोस, उपाशी राहतोस, मग पोट बिघडतं. तिच्यासारखी बाई तुला मिळाली हे तुझं नशीब. दोन हातांनी तेवढ्या भाकऱ्या थापते अन् वर तुझी मिजास सांभाळते. काय झालं असेल ते मिटवून टाक अन् मला खरं खरं लिही.

तुझी,
अक्का


लातूर,
१२ मार्च १९८६

ती. अक्कास दानम्माचा नमस्कार.

हे पत्र मी ह्यांच्या नकळत लिहून राहिले. तुमचं भांडणाचं वाचून हे हसले, म्हणाले, बघ, अक्काला वाटतंय तू मला छळतीस. अक्का, भांडण असतं तर बरं झालं असतं.

पहिलं ताट संपलं की हे हसत हसत आत येतात अन् मोरीत जाऊन ओकतात. तोंडावरून ओला पंचा फिरवून परत बाहेर, लोकांची थट्टा करायला. पंगत उठली की ज्वारीच्या पोत्यावर बसतात, छातीला हात, अंगाला घाम. मला म्हणतात, दाने, अप्पासारखंच होतंय, आज मी जातो. अप्पा त्या दुपारी "जळजळतंय रे" म्हणाले अन् त्याच पाटावर गेले. ह्यांनी ते समोर बसून पाहिलंय. दोन वर्षं होत आली, पण ह्यांच्यासाठी रोज तीच दुपार हाय. गुपचूप परगावी जाऊन छातीची पट्टी काढली, हृदय चांगलं निघालं, तरी पटत न्हाई. झोपतात तेही भिंतीला टेकून बसून. आडवं झालं की आंबट पाणी वर येतं म्हणतात.

इथल्या दवाखान्यात चला म्हटलं तर डोळे वटारतात. खानावळीच्या मालकालाच अन्न पचत न्हाई हे कळलं तर कोण जेवायला येईल, म्हणतात. त्यात टँकरच्या पाण्याचा बोभाटा चालूच हाय.

एक गोष्ट मला उमगंना ती सांगते. शिवरात्रीला खानावळ बंद होती. ह्यांनी साबुदाणा, भगर, तळलेलं सगळं खाल्लं अन् दिवसभर एकदाही छातीला हात लावला न्हाई. संध्याकाळी "उद्या पंगत हाय" असं बोलले अन् तिथंच जळजळ सुरू झाली. पोटात काही नवीन गेलं नव्हतं.

तुम्ही कसंही करून बोलवून घ्या. माझं नाव सांगू नका. तुमच्या शब्दाबाहेर हे जाणार न्हाईत.

तुमची,
दानम्मा


नांदेड,
२० मार्च १९८६

चि. मलप्पास आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात नांदेडला ये. चार दिवस राहायच्या तयारीनं ये. काय काम आहे ते आल्यावर सांगेन, पत्रात लिहिण्यासारखं नाही. पंगतीचं कारण सांगू नको. दानम्मा खानावळ बंद ठेवील, आकाश कोसळणार नाही. मी आजवर तुला काही मागितलं नाही, आता मागते.

तुझी,
अक्का


लातूर,
१४ एप्रिल १९८६

ती. अक्कास शरणार्थ.

मी न सांगता बसमध्ये बसलो त्याचा तुला राग आला असेल. मलाही तुझा राग आला. काम हाय म्हणून बोलावलंस अन् दवाखान्यात नेलंस. नेलंस ते नेलंस. त्या पोटाच्या डॉक्टरांनी घशातून नळी घातली, मी तोंडातून ब्र काढला न्हाई. अन्ननळीला खालच्या टोकाला जखम झालीय म्हणाले, पोटातलं आंबट वर येऊन येऊन. हे मला पटलं. गोळ्या दिल्या, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा म्हणाले, तिखट बंद, चहा बंद, जेवून लगेच आडवं व्हायचं न्हाई. हेही पटलं.

मग म्हणाले की गोळीनं निम्मंच काम होईल. भीती वाटली की जळजळ जास्त जाणवते, जळजळली की भीती वाढते, अन् हे चक्र नुसत्या पोटाच्या औषधानं थांबणार न्हाई. अन् तिथून तू मला सरळ दुसऱ्या बाकावर नेऊन बसवलंस. पाटी वाचली अन् माझ्या अंगाची लाही झाली. अक्का, मी वेडा हाय का? गुरुपादप्पाचा पोरगा डोक्याच्या डॉक्टरकडं गेला ही खबर गंजबाजारात पोचायला किती वेळ लागेल? एवढी वर्षं अप्पानं इज्जत कमावली, ती मी त्या बाकावर ठेवून येऊ?

गोळ्या घेतो. विटा ठेवल्या. आडवं झोपता येतंय, खोटं बोलत न्हाई. पण पाटावर बसलो की आग तीच. तुमच्या नांदेडच्या डॉक्टरांची गोळी लातूरच्या दुपारला पुरत न्हाई.

माझी पिशवी तुझ्याकडं राहिली.

मलप्पा


नांदेड,
२२ एप्रिल १९८६

चि. मलप्पास आशीर्वाद.

तू उठून गेलास तेव्हा मी तुझी पिशवी मांडीवर घेऊन तिथंच बसले. लोक बघत होते. मला तुझा राग आला नाही. तुला धरलं नाही ते एवढ्याचसाठी, की पहिल्या दिवशी मीसुद्धा अशीच उठून पळायला निघाले होते.

हो, मी. आता नीट वाच.

माझं दुसरं बाळ गेलं ते तुला ठाऊक आहे. त्यानंतर माझ्या घशात गोळा बसला. घास उतरेना, पाणी अडायचं. घसा तपासला, काही सापडलं नाही. अंगावरची चोळी सैल पडली, केस मूठमूठ गळाले. तुम्हाला वाटायचं मी दर महिन्याला माहूरला रेणुकेला जाते, नवस बोललीय. तू तर गंजात चारचौघांना सांगायचास, आमच्या अक्काची श्रद्धा बघा. बाबा, त्या दोन वर्षांत मी माहूरचा डोंगर एकदाही चढले नाही. मी ह्याच डॉक्टरांकडं जायची. तेव्हा ते औरंगाबादला बसायचे, आता महिन्यातून एकदा नांदेडला येतात. देवीचं नाव घेऊन गेले म्हणून देवी काही मला रागावली नाही.

आणि पहिल्यांदा माझ्यासोबत कोण आलं होतं? ह्यांना धरणावरून सुट्टी नव्हती. अप्पा आला होता. डोक्याला पांढरा रुमाल, कपाळाला विभूती, एकदम ताठ बसला होता बाकावर. तेवढ्यात लातूरचा एक आडत्या समोर आला, स्वतःच्या भावाला घेऊन आलेला. म्हणाला, गुरुपादप्पा, तुम्ही इकडं कसे? मला धरणी फाटावी असं झालं. वाटलं अप्पा आता काहीतरी थाप मारणार.

अप्पा म्हणाला, "पोरीला घेऊन आलोय. मनाला मार लागलाय तिच्या." एवढं बोलून चंची सोडली अन् त्याला पान करून दिलं.

तो आडत्या पुढं मरेपर्यंत आपल्याकडंच जेवायचा. तू रोज वाढलंयस त्याला.

मी बरी झाले, मलप्पा. गोळा गेला. बाळाचं नाव घेऊन आता मी रडू शकते, तेव्हा रडता येत नव्हतं. हे मी तुझ्यापासून लपवलं ते लाजेनं नाही, तू लहान होतास म्हणून. मला त्या दोन वर्षांची लाज नाही, मला अभिमान आहे त्यांचा. आणि अप्पाचा त्याहून जास्त.

अप्पाची इज्जत राखायची म्हणतोस ना, मग अप्पा जिथं बसला तिथं जाऊन बस.

तुझी,
अक्का


लातूर,
११ जून १९८६

ती. अक्कास मलप्पाचे शरणार्थ.

जाऊन आलो. तुला न सांगता गेलो, कारण पुन्हा पळालो असतो तर तुझ्यासमोर पळायचं नव्हतं. दोन खेपा झाल्या.

तुझं पत्र मी ज्वारीच्या खोलीत दार लावून वाचलं. दानम्मानं दार वाजवलं तेव्हा उघडलं अन् तिच्या हातात दिलं. मग तिनंही स्वतःच्या पत्राचं सांगून टाकलं. तुम्ही दोघींनी मिळून मला चांगलंच बनवलंत. रागवायचं होतं, जमलं न्हाई.

डॉक्टर साधा माणूस हाय. मला वाटलं विजेचं यंत्र लावील. त्यानं विचारलं, वडील कसे गेले, सांगा. मी म्हटलं, जळजळतंय म्हणाले अन् गेले. तो म्हणाला, असं न्हाई, सगळं सांगा. मग सांगत बसलो. अप्पाच्या हातातला घास, ताटातली अर्धी भाकरी, मी आमटीचं भांडं घेऊन उभा. अक्का, मी त्या खोलीत हुंदके देऊन रडलो, अन् त्या माणसानं मला थांबवलं न्हाई. नंतर म्हणाला की अप्पांच्या हृदयाला झालं ते वेगळं अन् तुमच्या अन्ननळीला झालंय ते वेगळं, पण तुमचं शरीर दोन्हीला एकच समजून राहिलंय. ते त्याला हळूहळू शिकवावं लागेल. एक गोळी दिली, सावकाश श्वास घ्यायचं शिकवलं, महिन्याला यायला सांगितलं. पोटाचं औषध चालूच ठेवायचं हाय.

आता खरी अडचण. दोघा डॉक्टरांचं एकच म्हणणं, ही जखम भरेपर्यंत तिखट तोंडात न्यायचं न्हाई. अन् पहिल्या ताटात तर सगळी आगच हाय. रोज बसतो, रोज जखम उकलतो. न बसावं तर लोक म्हणतील, मालकानं आमटी सोडली, पाण्यात खोट हाय. पाऊस अजून न्हाई, टँकर तेच. ह्या उन्हाळ्यात नाव गेलं तर पुन्हा येणार न्हाई. मी काय करू ते मला कळंना झालंय.

तुझा,
मलप्पा


नांदेड,
१९ जून १९८६

चि. मलप्पास आशीर्वाद.

तू गेलास हे वाचून मी शेजारणीला पेढे दिले. कशाचे म्हणाली, तर भाऊ पास झाला म्हणून सांगितलं.

अडचणीवर एक उपाय सुचतो. दानम्मानं तुझ्यापुरती फिकी आमटी वेगळी करावी, वरून नुसता रंगापुरता तेलाचा तवंग सोडावा. ठेच्याच्या जागी वाटलेली कोथिंबीर ठेवावी. लांबून कुणाला ओळखू येतं? जखमही भरेल अन् नावही राहील. जखम भरेपर्यंतचाच तर प्रश्न आहे.

तुझी,
अक्का


लातूर,
३ ऑगस्ट १९८६

ती. अक्कास मलप्पाचे शरणार्थ.

तुझी युक्ती लई नामी होती, पण मी ती वापरली न्हाई. दानम्मानं तशी वाटी भरूनही दिली होती. पाटावर बसलो, तवंगाकडं बघितलं अन् हात पुढं जाईना. पहिलं ताट म्हणजे खरं ताट. तेच खोटं खायचं तर मग अप्पानं ते कशाला मांडलं? तुला वाईट वाटू देऊ नको. तू माझ्या काळजीनं लिहिलंस.

वाटी बाजूला सारली. सगळे बघून राहिले होते. अप्पा बाकावर ताठ बसला होता म्हणालीस ना, तसा बसलो अन् बोललो, "आमटीत काही खोट न्हाई. माझ्या अन्ननळीला जखम हाय, अन् अप्पा गेल्यापासून मनात भीती बसलीय. दोन्हीचं औषध चालू हाय, नांदेडला. आजपासून मी ह्या पाटावर बसून फिकं खाणार."

मग बाजारातला एक दलाल चप्पल शोधत उठला, म्हणाला, पाणी बघून घ्या मालक, आजार पाण्यातूनच येतात. त्याच्यामागं आणखी एक उठला. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात दानम्मा बाहेर आली. हाताला पीठ तसंच. तिनं मोठ्या पातेल्यातली आमटी सगळ्यांसमोर स्वतःच्या ताटात वाढून घेतली, ठेचा घेतला, भाकरी घेतली अन् मला म्हणाली, "सरका." मी सरकलो. आपल्या घराण्यात त्या पाटावर आजवर बाई बसली न्हाई. ती बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् जेवू लागली. घाई न्हाई, लाज न्हाई. शेवटचा घास संपवला, ताट आडवं करून दाखवलं अन् म्हणाली, "बसा, सुरू करा." अक्का, अभिमानानं माझा ऊर भरून आला. अप्पा गेल्यापासून मी ते म्हणत होतो, पण त्या दिवशी मला कळलं की ते कसं म्हणायचं असतं.

दोघं गेले ते गेलेच, परत आले न्हाईत. बाकीचे बसले. जरा वेळानं जमीन-मोजणीच्या कचेरीतले वीरण्णा बावकर माझ्याकडं झुकले अन् हळूच म्हणाले, मालक, तुमच्यासारखं एक ताट मला मिळंल का? बदली होऊन आल्यापासून माझंही असंच जळतंय, घरी कुणाला सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी पंचायत समितीतले दोघे मागायला लागले. एकानं तर नांदेडच्या डॉक्टरचा पत्ता मागितला, अन् कुठल्या डॉक्टरचा म्हणून विचारलं तर खाली बघून म्हणाला, दुसऱ्या. मी मोठ्यानं सांगितला, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असा.

आता रोज मुगाच्या फिक्या वरणाचं वेगळं पातेलं चढतं. पहिलं ताट दानम्माचं. मी तिच्या शेजारी मऊ भात घेऊन बसतो. सगळं बरं झालं असं लिहिणार न्हाई. भीती येते. मागच्या आठवड्यात आली, अंग गार पडलं, पण मी श्वास सांभाळत बसून राहिलो, अन् ती गेली. डॉक्टर म्हणतात अजून वर्ष लागेल. लागू दे. जाईन.

परवा पंगत उठल्यावर भांडी आवरत होतो. पोटात कसंतरी झालं, मी थांबलो, हात छातीकडं गेला. दानम्माचा चेहरा उतरला, काय होतंय म्हणाली. मलाच ओळखू येत न्हवतं. मग म्हटलं, "दाने, भूक लागलीय."

तिनं पाट मांडला, भात वाढला अन् समोर बसून रडत राहिली. मी जेवलो. सगळं जेवलो.

तुझा,
मलप्पा